लाकडी कयाकला ‘फायबरचे रेझिन’ नको, इपॉक्सीच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत प्लायवूडची कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) घरच्या घरी बांधण्याविषयी माहिती आली, याचा आनंद झाला. लेखातले आराखडा काढणे, फळ्या कापणे आणि तांब्याच्या तारेने सांधे शिवणे हे भाग नीट उतरले आहेत. मात्र शेवटच्या दोन वाक्यांनी घात होईल, म्हणून हे पत्र. ‘वरून हार्डवेअरच्या दुकानातले कुठलेही फायबरचे रेझिन मारावे’ हे एक वाक्य आणि ‘पावसाळ्यात वेळ मोकळा असतो तेव्हा हे काम उरकावे’ हे दुसरे. दोन्ही सल्ले पाळले तर कयाक दिसायला झकास होईल, दोन मोसमांत तिची कातडी सुटेल आणि लाकूड आतून कुजेल. कयाक चार मिलिमीटरच्या प्लायची असते. तिच्यावरचे काच-कापड (काचेच्या तंतूंचे विणलेले कापड) आणि इपॉक्सी (हार्डनर नावाचा दुसरा द्रव मिसळल्यावर घट्ट होणारे रेझिन) म्हणजे रंग नव्हे. तो बांधणीचाच भाग आहे, ताकद तिथून येते.

हार्डवेअरवाल्याकडे ‘फायबरचे रेझिन’ मागितले की पॉलिएस्टर मिळते, सोबत कोबाल्ट आणि कॅटॅलिस्टच्या बाटल्या. (कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. हे दुकानदार सांगतोच असे नाही.) कोकणच्या बंदरांवर दिसणाऱ्या फायबरच्या होड्या याच पॉलिएस्टरच्या असतात आणि चांगल्या चालतात. पण त्या साच्यात घडवतात, तिथे रेझिनला फक्त काचेला धरायचे असते. लाकडाला धरायची वेळ आली की पॉलिएस्टर कमी पडते. घट्ट होताना ते सहा ते आठ टक्के आकसते, त्यामुळे चिकटलेल्या जागी सुरुवातीपासूनच ताण राहतो. लाकूड ओलाव्याने फुगते, उन्हाने आवळते आणि कडक पॉलिएस्टर त्या हालचालीबरोबर हलत नाही. मग कुठेतरी केसभर फट पडते, पाणी आत शिरते आणि वरचे फायबर ते पाणी बाहेर पडू देत नाही. जुन्या फळ्यांच्या होडीवर मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची न विणलेली चटई) आणि पॉलिएस्टर चढवल्यावर तळ आतून कुजतो, त्याचे कारण हेच.

कुणी १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या मिरर डिंगीचा दाखला देईल. तारेने शिवून जोडायची ही बोट लोकप्रिय झाली आणि तिचे सांधे सुरुवातीला पॉलिएस्टरनेच बसवत. खरे आहे. पण ते फक्त सांध्यांवरच्या पट्ट्यांपुरते होते, आणि जुन्या मिररची दुरुस्ती काढली की सुटलेल्या पट्ट्या बदलणे हे काम ठरलेलेच असते. लाकूड आणि फायबरग्लास यांची जोडी मुळात अशक्त नाही. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेली आणि २००९ मध्ये नौदलात आलेली ‘म्हादेई’ ही शिडाची नौका लाकडी गाभ्याची आणि फायबरग्लासच्या आवरणाची आहे. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ती कुठेही न थांबता केली. लाकूड आणि काच यांना धरून ठेवणारे रेझिन योग्य हवे आणि काम नीट हवे, एवढाच मुद्दा आहे.

ज्यांना पटत नसेल त्यांनी प्लायचा एक तुकडा घ्यावा. अर्ध्या भागावर पॉलिएस्टरने आणि अर्ध्यावर इपॉक्सीने कापडाची पट्टी चिकटवावी, टोक पकडीत येईल इतके मोकळे सोडावे. नीट वाळल्यावर तुकडा काही दिवस पाण्यात, काही दिवस उन्हात असा फिरवावा आणि मग पकडीने दोन्ही पट्ट्या ओढाव्यात. पॉलिएस्टरची पट्टी स्वच्छ निघून येते, मागे लाकूड जसेच्या तसे. इपॉक्सीची पट्टी निघालीच तर लाकडाचे तंतू सोबत घेऊन येते, म्हणजे जोड टिकला आणि तुटले ते लाकूड.

आता इपॉक्सी कोणते. आपल्याकडे औद्योगिक दुकानांत अ‍ॅराल्डाइटचे एलवाय ५५६ आणि त्याचे हार्डनर एचवाय ९५१ सहज मिळते. प्रमाण वजनाने १०० ला १०. हे उत्तम रेझिन आहे, पण फार घट्ट आहे. कापडात मुरायला वेळ लावते आणि एचवाय ९५१ तेवढा वेळ देत नाही, कोकणच्या उष्म्यात तर नाहीच. सांधे भरायला ते चालेल. पाच मीटर लांब कापड एका दमात भिजवायचे असेल तर विक्रेत्याकडे स्पष्ट शब्दांत ‘हाताने लॅमिनेशन करण्याचे, पातळ इपॉक्सी आणि संथ हार्डनर’ मागावे आणि त्याचे माहितीपत्रक घेतल्याशिवाय डबा उचलू नये. मिसळल्यावरचा घट्टपणा, भांड्यातला वेळ आणि प्रमाण वजनाने की मापाने, या तीन गोष्टी त्यात बघायच्या.

वजन आणि माप यांचा घोटाळा सगळ्यात महाग पडतो. रेझिन हार्डनरपेक्षा जड असते, म्हणून मापाने २ ला १ असलेले मिश्रण वजनाने साधारण १०० ला ४३ होते, १०० ला ५० नव्हे. दुसरी चूक पॉलिएस्टरच्या सवयीतून येते. तिथे कॅटॅलिस्ट थोडा जास्त टाकला की रेझिन लवकर घट्ट होते. इपॉक्सीत हार्डनर हा उत्प्रेरक नसून अर्धा भागीदार आहे. त्याचा प्रत्येक कण रेझिनच्या कणाशी जोडला जातो. जास्त टाकला तर उरलेला तसाच राहतो आणि पृष्ठभाग कायमचा चिकट, रबरासारखा होतो. १०० ग्रॅम रेझिनला १० ग्रॅम हार्डनर लागत असेल, तर एका ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्के. स्वयंपाकघरातला काटा इथे पुरत नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा. दोन मिनिटे सावकाश ढवळावे, भांड्याच्या कडा आणि तळ पट्टीने खरवडून घ्यावेत. शक्य तर मिश्रण दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा ढवळावे. तळावर सुटे ठिपके चिकट राहतात ते बहुतेक वेळा कडेला राहिलेल्या न मिसळलेल्या रेझिनमुळे.

कापड साध्या विणीचे, ई-काचेचे, चौरस मीटरला २०० ग्रॅम. डेकला, म्हणजे वरच्या झाकणाला, १३५ ग्रॅमचेही पुरते. खरेदी करताना ‘इपॉक्सीला चालणारे, सिलेन लावलेले’ असे विचारावे, कारण मागावरून थेट आलेल्या कापडावर खळ असते. ते कापड कितीही रेझिन ओतले तरी पांढुरके राहते. मॅट घेऊ नये. मॅटमधले तुकडे ज्या बांधकाने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. मॅट ताठच राहते, वळणावर बसत नाही आणि दुप्पट रेझिन पिते.

साधारण पाच मीटर लांब आणि ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद कयाकचे बाहेरचे क्षेत्रफळ पाच ते साडेपाच चौरस मीटर भरते. एक मीटर पन्ह्याचे कापड तळाला ५.३ मीटर आणि डेकला तेवढेच लागते. कापड भिजवायला चौरस मीटरला २५० ते २७० ग्रॅम रेझिन, वर वीण भरायला दोन हात, प्रत्येकी १२० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बाहेरून पावणेतीन किलो. आतून दीड ते दोन, सांधे व पट्ट्यांना तेवढेच, आणि भांड्यांत, ब्रशांत वाया जाणारे धरून एकूण सात किलो. यात कंजुषी करू नये आणि औदार्यही दाखवू नये. नीट बांधलेली कयाक २० किलोच्या आसपास बसते, जास्तीच्या रेझिनने ती फक्त जड होते. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा मरीन असावा, नुसता ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकतात तो आयएस ३०३ नको. आपल्याकडचा मरीन प्लाय बहुधा गर्जन लाकडाचा असतो आणि बाहेरच्या देशांतल्या आराखड्यांत धरलेल्या ओकुमे लाकडाच्या प्लायपेक्षा जड भरतो, तेव्हा दोन-चार किलो वाढणार हे गृहीत धरावे.

पावसाळ्याच्या सल्ल्याविषयी. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणपट्टीतली हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. इपॉक्सीचा हार्डनर अमाइन जातीचा. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर मेणचट थर येतो. बोट फिरवले की निसरडे लागते. या थरावर पुढचा हात दिला की तो पापुद्र्यासारखा निघतो, वार्निश तर वाळतच नाही. शिवाय प्लायने स्वतः ओलावा धरलेला असतो, तो आत कोंडला जातो. लाकडातला ओलावा १२ टक्क्यांच्या खाली हवा. किनारपट्टीवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. घाटावर मात्र डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहा अंशांवर उतरतात, तिथे रेझिन घट्ट होऊन मुरत नाही. अशा वेळी कामाच्या जागी शेगडी किंवा गॅसची भट्टी लावण्याचा मोह होतो. तसे करू नये, ज्वाळेतून नेमके पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडते. थंडीत डब्यातले रेझिन पांढरे, रवाळ झाले तर ते बिघडलेले नसते. डबा पन्नास अंशांच्या पाण्यात ठेवून पूर्ण पारदर्शक होऊ द्यावा आणि निवल्यावर वापरावा.

दिवसातली वेळही महत्त्वाची. लाकडाच्या छिद्रांत हवा असते. सकाळी काम सुरू केले की ऊन चढते, लाकूड तापते, हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे वर येतात. कापडाखाली टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसतात ते हेच. म्हणून दुपारचा पारा उतरू लागला की, चार-साडेचारच्या सुमाराला हात घालावा. मग लाकूड निवताना रेझिन आत ओढून घेते. आदल्या दिवशी उघड्या लाकडाला एक पातळ हात देऊन छिद्रे बंद केली तर आणखी उत्तम.

प्रत्यक्ष कापड चढवण्याआधी तळ ८० आणि मग १२० नंबरच्या सँडपेपरने घासावा. त्याहून बारीक नको, पकड जाते. तारेची भोके आणि खाचा रेझिनमध्ये लाकडाची बारीक भुकटी मिसळून भरून घ्याव्यात. कडा निदान तीन मिलिमीटर गोल कराव्यात, काटकोनी कडेवर कापड उचलते आणि खाली हवा राहते. धूळ व्हॅक्यूमने काढावी, ओल्या फडक्याने नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. खोबरेल तेलाचा एक ठसासुद्धा रेझिनला दूर ढकलतो आणि तिथे माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

कापड कोरडेच तळावर पसरावे, मऊ ब्रशने मधून टोकांकडे सुरकुत्या काढाव्यात, दोन्ही टोकांना पंधरा सेंटिमीटर जादा सोडावे. रेझिन दीडशे-दोनशे ग्रॅमच्या घाण्यात मिसळावे. मोठा घाणा भांड्यात स्वतःच तापतो, धुराळतो आणि प्लॅस्टिक वितळवतो. तापमान दहा अंशांनी वाढले की हातातला वेळ साधारण निम्मा होतो, हे ३२ अंशांत काम करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. मिसळल्या मिसळल्या मधोमध ओतून पसरावे, पसरट थरात उष्णता साठत नाही. प्लॅस्टिकची लवचीक पट्टी हलक्या हाताने मधून कडेकडे फिरवावी. जोर लावला की वीण सरकते. पाच-सात मिनिटे थांबावे. या काळात लाकूड रेझिन पिते आणि काही जागी कापड पुन्हा पांढुरके दिसू लागते, तिथे थोडे आणखी द्यावे. मग तीच पट्टी पंचेचाळीस अंशांत तिरपी धरून जोर लावून जास्तीचे रेझिन ओढून काढावे आणि वेगळ्या भांड्यात टाकावे. त्यात हवा फेसाळलेली असते, ते परत वापरू नये.

हा ओढून काढण्याचा टप्पाच लोक गाळतात. चकचकीत तळ बघून काम चांगले झाले असे वाटते, पण चकाकी म्हणजे कापड रेझिनवर तरंगते आहे. नंतर घासताना उंच राहिलेल्या जागी काच कापली जाते आणि ताकद तिथेच जाते. बरोबर भिजलेले कापड पारदर्शक, तरी किंचित मंद दिसते आणि विणीचा पोत बोटाला नीट लागतो. दुधाळ डाग म्हणजे हवा किंवा कमी रेझिन. बारीक बुडबुडा राहिलाच तर ओला असतानाच ब्रशच्या टोकाने दाबून बसवावा, वाळल्यावर तो कापून भरावा लागतो.

तीन ते पाच तासांनी, रेझिनप्रमाणे कमीजास्त, पृष्ठभाग अशा अवस्थेत येतो की नख रुतते पण बोटाला काही लागत नाही. कडेचे जादा कापड याच वेळी धारदार सुरीने सालीसारखे कापून निघते, दुसऱ्या दिवशी त्यासाठी करवत लागते. पुढचा हातही याच वेळी द्यावा, म्हणजे थर एकमेकांशी रासायनिक जोडले जातात आणि मध्ये घासावे लागत नाही. फोमच्या रोलरने पातळ हात, तो याच अवस्थेत आला की तिसरा. जाड एकच हात दिला तर बाजूंवर ओघळ येतात. वेळ टळली तर घाई करू नये. पूर्ण घट्ट होऊ द्यावे, साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने तो मेणचट थर धुऊन काढावा, कोरडे करावे आणि मगच घासावे. थिनरने पुसले तर थर पसरतो, जात नाही. आधी घासले तर सँडपेपर तोच थर खाली रगडतो.

आतल्या सांध्यांना रेझिनमध्ये लाकडाची भुकटी आणि थोडे एरोसिल (घट्टपणा आणणारी सिलिकाची बारीक पूड) मिसळून चक्क्याइतका घट्ट लगदा करावा आणि १५ ते २० मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्यावी, त्यावर ७५ मिलिमीटर रुंद पट्टी. करवतीचा जाड भुसा चालत नाही, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पट्टीखाली हवा राहते. दोन्ही टोकांच्या निमुळत्या जागा भरताना एकाच वेळी सगळे ओतू नये. जाड गोळा तापून तडकतो, तेव्हा शंभर-शंभर ग्रॅमच्या थरांनी भरावा. बसायच्या जागी आतून एक पूर्ण थर कापडाचा हवाच, माणसाची टाच आणि वाळू तिथेच घासते. हवाबंद कप्प्याच्या आडव्या फळीला दोन मिलिमीटरचे भोक ठेवावे. उन्हात कप्प्यातली हवा फुगून सांधे उचकटू नयेत यासाठी ते आहे.

फिटिंगसाठी स्क्रूची भोके पाडताना सरळ छिद्र पाडून स्क्रू पिळू नये. भोक मोठे पाडावे, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावे आणि वाळल्यावर त्याच्या मध्यातून बारीक छिद्र काढावे. एरवी कितीही सुंदर चढवलेले कापड असले तरी पाणी या एका छिद्रातून प्लायच्या थरांत शिरते आणि स्क्रूभोवती काळा डाग पसरत जातो.

इपॉक्सी पाण्याला दाद देत नाही, पण उन्हापुढे टिकत नाही. उघडे ठेवले तर पिवळे पडते, मग खडूसारखी भुकटी सुटते. लाकडाचा रंग दिसू द्यायचा असेल तर अतिनील किरण शोषणाऱ्या दोन भागांच्या पॉलियुरेथेनचे किंवा मरीन वार्निशचे तीन-चार हात द्यावेत आणि दर मोसमात तपासावेत. त्याआधी इपॉक्सीला निदान आठवडा द्यावा. रंग द्यायचा तर पांढरा किंवा फिका. साध्या तापमानात घट्ट झालेले इपॉक्सी पन्नास-साठ अंशांपुढे मऊ पडू लागते आणि आपल्या एप्रिलच्या उन्हात काळा किंवा गडद निळा तळ त्यापुढे सहज जातो. मग खालच्या कापडाची वीण रंगातून वर उमटते.

लेखात सुरक्षिततेचा एक शब्दही नव्हता, त्याबद्दल मनापासून वाईट वाटले. इपॉक्सीची खरी भीती वासाची नाही, अंगावर उठण्याची आहे. हार्डनर वारंवार कातडीला लागत राहिला की शरीर त्याला वैरी मानू लागते. नंतर नुसत्या सान्निध्यानेही मनगटावर, पापण्यांवर पुरळ येते आणि ही अ‍ॅलर्जी सहसा आयुष्यभर सुटत नाही. नायट्रिलचे हातमोजे घालावेत, फाटले की बदलावेत. हाताला लागलेले रेझिन अ‍ॅसिटोनने किंवा थिनरने पुसू नये, त्याने ते कातडीत खोल जाते. कोरड्या कागदाने पुसून साबणाने धुवावे. पुरते न वाळलेले इपॉक्सी घासून उडणारी धूळ सर्वांत वाईट, म्हणून निदान तीन दिवस थांबावे आणि एन-९५ मुखपट्टी लावूनच घासावे. रेझिनचे भांडे मुलांच्या हाती येणार नाही असे ठेवावे. उरलेला तापलेला घाणा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, उघड्यावर वाळूत ओतून निवू द्यावा.

दिवाळीनंतर अनेक जण या कामाला हात घालतील, साहित्याची खरेदी त्याच्या आधीच होते. तेव्हा लेखातल्या ‘कुठलेही फायबरचे रेझिन’ या शब्दांची दुरुस्ती सप्टेंबर संपण्यापूर्वी, मूळ लेख ज्या पानावर आला त्याच पानावर छापावी आणि तिच्यासोबत हातमोज्यांचा व मुखपट्टीचा उल्लेख अवश्य करावा, ही विनंती.

आपले,
लाकडी होड्या बांधणारे काही कारागीर
सिंधुदुर्ग